बर्फाची जाडी

हाप्सालूला, धुरवलेल्या माशांच्या दुकानावरची खोली.
स्वेटरला, कीबोर्डला, चहाच्या कपाला
ईल माशाचा वास.
आम्ही तिघं, आणि दर शनिवारी धापा टाकत जिना चढणारा एंडेल,
ज्याचं गणित आमच्या अ‍ॅपच्या तळाशी आहे.

रस्ते खात्यात होता तेव्हा एका हिवाळ्यात
एका बोटाने टाइप करत त्याने ते सी-मध्ये लिहिलं.
टिपणं नाहीत. व्हेरिएबलना मेलेल्या कुत्र्यांची नावं:
मुरी, पोंतू, दुसरा पोंतू.
हात लावायची कुणाची छाती नाही,
कारण उत्तर बरोबर येतं.

त्याच्यावर ओस्तापचं कॉटलिन, अँड्रॉइडवाल्यांसाठी.
शेजारी काइदीचं स्विफ्ट, आयफोनवाल्यांसाठी.
सगळ्यांवर माझं डार्ट,
लोकांना दिसतो तो चेहरा:
हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे घरी बसा.
चार भाषा, एका छपराखाली,
चार जावांसारख्या एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या.
आणि मधे पूल,
ज्यावरून नुसते बाइट जातात, अर्थ नाही.
अर्थ ज्याचा त्याने पलीकडे जाऊन लावायचा.

फेब्रुवारीत इथे समुद्र रस्ता होतो.
बेटापर्यंत सव्वीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना खोचलेल्या जुनिपरच्या फांद्या.
गाडीत पट्टा बांधायचा नाही, उडी मारता यायला हवी.
पंचवीस ते चाळीसच्या मधला वेग बर्फाला सोसत नाही.
हे इथलं पोरसोर जाणतं.
जाडी मात्र एंडेल जाणतो,
रोज पहाटे भोकं पाडून, पट्टी बुडवून.

त्या गुरुवारी तो तापाने फणफणला होता.
अकरा नंबरचं भोक राहिलं.
न मोजलेल्या जागी त्याने नेहमीसारखं
उणे एक लिहिलं.
त्याच्या भाषेत त्याचा अर्थ: माहीत नाही.

काइदीने ते ओळखलं. तिच्या फोनवर एक आडवी रेघ आली.
ओस्तापने ते जसंच्या तसं पुलावर ठेवलं.
पलीकडे मी उभी होते.
आठ खणांची पेटी, आठही खणांत एक.
पहिला खण उण्याच्या खुणेचा असतो,
मी तोही आकड्यात धरला.
दोनशे पंचावन्न सेंटिमीटर.
हिरवा.
इतका हिरवा रंग मी कधी निवडला नव्हता.

टपालवाल्या हेल्वेने तो किनाऱ्यावर पाहिला,
गाडीचं इंजिन चालू, मागे पेन्शनची पाकिटं.
आणि हसली म्हणे.
एवढा जाड समुद्र तिच्या बापानेही पाहिला नव्हता.
इंजिन बंद करून तिने आम्हाला फोन लावला.
एकच वाक्य:
"तुमचं यंत्र प्यायलंय."

दुपारभर आम्ही एकमेकांच्या पडद्यावर बोटं दाखवली.
ओस्ताप म्हणाला, मी दिलं तसंच दिलं.
काइदी काहीच म्हणाली नाही, ते जास्त लागलं.
संध्याकाळी मी कबूल केलं.
मग आम्ही पुलावर एक नवीन जागा केली,
आकड्याच्या आधी, आकड्याहून वेगळी,
चौघींनाही कळेल अशी,
जिथे फक्त एवढंच लिहायचं: मोजलं आहे की नाही.

एंडेलच्या कोडात त्यासाठी एक ओळ घालावी लागली.
त्याला फोनवर विचारलं, नाव काय देऊ?
तो बराच वेळ खोकला.
मग त्याच्या जिवंत कुत्रीचं नाव सांगितलं.
"तिला काही येत नाही," म्हणाला,
"पण येत नाही हे लपवत नाही."

सोमवारी तो पुन्हा बर्फावर.
लोकरी टोपी, हातात गिरमिट, वाऱ्यात तुटणारा आवाज.
"अकरा नंबर. चोवीस."
मी टाइप करायला लागले.
"थांब," तो म्हणाला.
"चोवीस या भोकात.
दोन पावलांवर काय आहे, माहीत नाही."