नळीच्या कडेनं

डॉक्टर येरण्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागं
पेनानं डोकं काढलं. त्यात फुगा,
धमनीचा, वाटाण्याएवढा.
"याला क्लिप बसली. नीट बसली."
मग फुग्यापासून दूर, कपाळाच्या वर,
उजव्या अंगाला एक सरळ रेघ.
"ही नळी. आत पाणी तुंबलं होतं,
दाब उतरवायला घातली.
पण शंभरात एखाद्याला..."
पेन त्याच रेघेवरून फिरत राहिलं,
रेघ जाड होत गेली.

मी म्हटलं, नळीतून नाई न जी,
नळीच्या कडेनं.
त्यांनी मान वर केली.

सोळा वर्षं मी तलावाचं तुडूम सांभाळतो.
लाकडाचं काढून सिमेंटचा पाइप टाकला त्या साली
पाइप साबूत, पाळही साबूत,
आणि दोघांच्या मधल्या नसलेल्या जागेतून
करंगळीएवढं पाणी चालत होतं, गढूळ.
रात्रभर माती तुडवली आम्ही,
तणस कोंबली, पळसाच्या डहाळ्या.
डोक्यात काय कोंबणार.

नऊ दिवस पिशवी तिच्या कानाच्या रेषेत टांगलेली.
सिस्टर गवंड्यासारखी लेव्हल लावून बघायची.
वर गेली तर तुंबेल,
खाली गेली तर ओढून घेईल.
मी थेंब मोजायचो. जांभळट,
मग टरबुजाच्या पाण्यासारखे,
मग नुसते पाण्यासारखे. तेव्हा झोपलो,
बाकाखाली, चपला उशाला घेऊन.

पुस्तकला आता घरी आहे.
चालते. नातवाला नावानं हाक मारते, मार म्हटलं की.
ताट पुढ्यात निवत जातं,
"जेव" म्हटलं की सगळं जेवते.
रोवणीच्या बाया हीच जमवायची,
पहाटे चारला दारं ठोठावत,
शिव्या खात, देत.
यंदा दारं कुणीच ठोठावली नाहीत.
बाया आपापल्या उठल्या, उशिरा.

काल पाळीवर नेलं तिला.
मी खाली उतरून पाइपाची कड चाचपली,
सवयीनं. कोरडी होती.
मागून ती काहीतरी बोलली.
कुणी न सांगता.

वळलो तर गप्प,
ओंजळीत बेशरमाची दोन फुलं.
का म्हणली वं?
"काई नाई."

हाताला माती तशीच ठेवून
मी उभा राहिलो, तिच्याकडं न बघता.
बघितलं तर थांबेल असं वाटलं.