पंधराचा तिसरा हिस्सा

नोव्हेंबरात विल्युय नदी करवतीखाली येते.
फ्योक्ला पहारीने भोक पाडते,
तिचा भाचा केस्किल दोरी ताणून रेघ आखतो,
आणि नदीचा एकेक तुकडा
काठावर उभा राहतो, निळा, कोरा, कडा सांभाळून.
हेच हिवाळाभराचं पाणी.
विहीर खणावी तर दीड हातावर
उन्हाळ्यातही न विरघळणारी जमीन.

"बारीक कापू नकोस," फ्योक्ला म्हणते,
"लहान लादी जास्त रडते."
का, ते ती सांगत नाही.
तिला ते कुणी विचारलेलंच नाही.

केस्किलला भूमितीत पाचातले दोन.
पृष्ठफळ विचारलं की तो घनफळ लिहितो,
घनफळ विचारलं की खिडकीबाहेर बघतो.
माझी भाषा दोघांनाही फळच म्हणते,
एक सालीचं, एक गराचं.
पण साल मोजली, गर मोजला, म्हणून फळ कळत नाही;
त्या दोघांचं आपसात काय ठरलंय
ते कळावं लागतं.

एका रात्री त्याने एक ठोकळा आत आणून मोजला.
तीस, तीस, तीस.
साल चोपन्नशे. गर सत्तावीस हजार.
गराला सालीने भागलं.
पाच.
इतका स्वच्छ पाच त्याच्या वहीत
आजवर कुणी लिहिला नव्हता,
बाईंनीही नाही.

आणि त्याच ठोकळ्याचे आठ केले तर?
तीन काप फक्त. गर तेवढाच,
साल दुप्पट. रडायला दुप्पट जागा.
हे मावशीला सांगायला तो वळला,
तर ती घोरत होती.

पण पाच आला कुठून?

मग त्याने करवत घेतली.
वरच्या चार कडांवरून तिरपं आत,
ठोकळ्याच्या पोटातल्या एका बिंदूकडे.
पहिला काप सरळ गेला, दुसरा बरा,
तिसऱ्याला खालचा सगळा भाग तडकला,
चुरा चुलीपर्यंत उडाला.
हाती राहिला एकच पिरॅमिड:
पाया तीसचा, उंची पंधरा, टोक जरा मोडकं.
पाया गुणिले उंची, त्याचा तिसरा हिस्सा,
हे बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा ते नुसतं वाक्य होतं.
आता ते बोटांना चावत होतं.
उरलेले पाच त्याने मनातच कापले.
सहा पाये मिळून अख्खी साल.
सहा टोकं मिळून एकच ठिपका.
पंधराचा तिसरा हिस्सा, दुसरं काय!

खिडकीवरच्या बर्फात तो खिळ्याने कोरत बसला:
चार तोंडांचा, आठ तोंडांचा,
बारा पंचकोनांचा (तो बटाट्यासारखा झाला),
वीस त्रिकोणांचा अर्धाच, काच संपली.
प्रत्येकाच्या पोटात तोच चेंडू,
पंधरा त्रिज्येचा, सगळ्या भिंतींना टेकलेला.
तोंडं कितीही असोत, उंची तीच,
म्हणून उत्तर तेच. पाच.
आणि चेंडूला तर तोंडच नाही,
त्याचंही पाच.

फ्योक्ला उठली. पसारा पाहिला.
"प्यायचं पाणी चिरून ठेवलंस होय रे?"
तिने चुरा किटलीत लोटला,
तो सूं म्हणायच्या आत पाणी झाला.
पिरॅमिड मात्र बराच वेळ तरंगत राहिला,
चहाला उशीर झाला.

बाईंनी चार दिले.
एकक लिहिलं नव्हतं.

जानेवारीत, उणे बावन्नात, गोठ्यात वासरू झालं.
फ्योक्लाने ते कोटाखाली घालून आत पळवलं.
गाय तिथेच उभी राहिली,
धुरासारखा श्वास सोडत, मोठी, निवांत,
आपल्या गराच्या भरवशावर.
केस्किलने वासरू मांडीवर घेतलं.
ओलं, हाडकुळं, जवळजवळ सगळी सालच.
कान तर निव्वळ साल,
ते आधी गोठतात, आधी गळतात.
त्याने दोन्ही कान मुठींत धरले
आणि सवयीने आकडा शोधू लागला.
वासराची त्रिज्या कुठून मोजायची
त्याला माहीत नव्हतं.