दोनदा गिळायचं

पंगतीत बसत नाही मी आता. आठ वर्षं झाली.
लोक म्हणतात, आचारी माणूस,
वासानंच पोट भरत असेल.

मी जेवतो मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून.
अकराला बसतो,
उठतो तेव्हा शाळेची मधली सुट्टी संपलेली असते.
पातळ वरणात कालवलेला भात,
बाजूला पाण्याचा गडवा.
भाकर दुधात भिजवली तरी
घशात वाळू होऊन उभी राहते,
आणि वाट चुकली तर ठसका असा
की पंचफुला हातातला सूप टाकून धावत येते.

नागपूरच्या दवाखान्यात पस्तीस शेक झाल्यावर
एका पोरीनं शिकवलं, पवनीकडची होती,
"काका, श्वास धरा. हनुवटी छातीला.
गिळा. परत गिळा. आता खाकरा."
एकसष्टाव्या वर्षी मी गिळणं गिरवलं,
बाराखडीसारखं, चुकत चुकत.
तोंड उघडावं म्हणून दातांत
आइस्क्रीमच्या काड्या रचायच्या:
अक्षय तृतीयेला नऊ, पोळ्याला चौदा,
मग कितीतरी महिने चौदाच.
नातू विचारायचा, आबा, एवढी आइस्क्रीम एकटेच खाल्ली?

"बरा झाला न बावा तू," शालिक म्हणतो,
"आता काहून तोंड पाडून बसतं?"
हाव, बरा झालो.
त्याच्या ठेल्यावर पन्नीत खर्रा घोटल्याचा आवाज येतो,
खर्र खर्र,
आणि माझं कोरडं तोंड
लाळ सुटल्याचं सोंग करतं.

परवा पुतणीचं लग्न. गोळाभात मीच करावा,
असा भावाचा हट्ट.
मीठ मला कळत नाही. तिखट नुसतं जळतं.
म्हणून पंचफुलाला चुलीपाशी उभी केली दिवसभर,
माझी जीभ म्हणून.
भरडा चाखून ती मान हलवायची,
मी मीठ टाकायचो. पुन्हा मान.
फोडणीचं मात्र मी कानानं ओळखलं,
मोहरी थांबली की हिंग,
तेवढं अजून माझ्याकडे आहे.

दोनशे पानं उठली.
रात्री मांडवाच्या मागं, जनरेटरच्या उजेडात,
तिनं एक गोळा कढीत कुस्करून पुढे ठेवला
आणि समोर बसली, स्वतःचं पान घेऊन.
श्वास. हनुवटी छातीला. गिळा. परत गिळा.
माझे दोन होईपर्यंत
ती आपला घास हातातच धरून ठेवायची.
कढी गार झाली, तिचा भात कोरडा झाला,
मांडववाले खुर्च्या एकात एक घालून गेले.
गोळा उतरला. अख्खा.

तेव्हा ती म्हणाली, "तेल जास्त झालं होतं."
"मग सांगतलं काहून नाही दिवसभर?"
"दोनशे माणसं जेवले न," म्हणाली,
आणि माझं ताट चाटायला आलेल्या मांजरीला
हाकललं नाही.