कैफियतीचा रकाना

नव्या इमारतीत हलवायचंय सगळं.
लाल रुमालात बांधलेले एकशे चाळीस बस्ते,
आणि रेकॉर्डरूमची चावी सांभाळणारी मी,
मुंजाजी कोतवालाची धाकटी.

कंत्राटी पोरं आलीत नांदेडहून, मशीन घेऊन.
पान ठेवतात, उजेड सरकतो, पान उचलतात.
"मॅडम, हा शेवटचा रकाना कसला?
आमच्या फॉर्मात अकराच कॉलम आहेत."

कैफियत, बाबा. कैफियत.

फसली तेराशे सत्तावन्नच्या रजिस्टरात
आबान महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उर्दू आहे,
देखणी, कलती, कणसानं वाकलेल्या जवारीसारखी.
मग सात पानं कोरी.
मग निळी शाई, मराठी, घाईची,
वेलांट्या विसरलेली.
"ही सात पानं सोडू का?"
सोडू नको.
"कोरी आहेत, मॅडम."
म्हणूनच.

खमरोद्दीन नकलनवीस पेन्शनीनंतरही यायचे
दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी,
पिशवीत मेथी, खिशात भिंग.
कुणाचा इनाम, कुणाचा जन्म
वाचून दाखवायचे; फी म्हणून चहा, कमी साखरेचा.
"बेटा, बाकीचे रकाने सरकारचे.
हा एक लिहिणाऱ्याचा."

मौजे कासारबोरी. विहीर एक, पाणी गोड.
कैफियत: खालच्या वस्तीस मनाई.
त्याखाली, चौदा वर्षांनी, दुसऱ्या हातानं:
मनाई उठली. पोहरा अजून वेगळा.

बाहत्तरचं हजेरीपुस्तक, खडीचं काम.
चांगुणा लिंबाजी.
कैफियत: सकाळी बाळंत, तिसऱ्या दिवशी हजर.

ग्रामसभा. गणपूर्ती नाही, सबब तहकूब.
अर्ध्या तासानं त्याच पारावर तीच सभा,
आता गणपूर्ती लागत नाही म्हणून
एकमतानं मंजूर: दिवाबत्ती, बोअर, कोंडवाड्याचं दार.
कैफियत: हजर सात. पैकी झोपलेले दोन.

तालुक्याचा जिल्हा बदलला, राज्य बदलत गेलं,
शिक्क्यावर शिक्का बसून
मधला गोल नुसता काळा झालाय.
गावं मात्र जिथल्या तिथं होती,
त्या पहाटेपर्यंत, भूकंपाच्या.
जुने गावठाण: निरंक, असं टाइप केलेलं.
शेजारी पेन्सिलीनं, सही नाही:
पिंपळ उभा आहे.

पोरांचा हात बसलाय आता. मिनिटाला सहा पानं.
मला माहीत आहे पुढचा बस्ता कोणता.

मुंजाजी वल्द सटवाजी, कोतवाल.
अण्णांना अक्षर येत नव्हतं.
पगाराला अंगठा लावायचे नि शाई
घरी येईपर्यंत धोतराला पुसत राहायचे.
त्यांच्या नावापुढं काय लिहिलंय
हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही.
मला सापडलं नोकरीच्या तिसऱ्या वर्षी,
तोवर अण्णा नव्हते:
समन्स बजावणी, रोज नऊ कोस, पायी.
सायकलीचा अर्ज नामंजूर.
मनुष्य खरा.

पान काचेवर आलं. उजेड अकराव्या रकान्याला
थांबणार होता.
मी कागद बोटभर डावीकडं सरकवला.

"मॅडम, अनुक्रमांक कटतोय."
कटू दे.