सापडत नाही

सोहार, रात्रीचे पावणेतीन.
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
मी एक जुना प्रोग्राम नव्या सर्व्हरवर बांधते आहे.
काम साधंच: खारटपणा मोजणाऱ्या अठरा मीटरना
दर दहा सेकंदांनी विचारायचं, किती?
आणि सांगतील ते लिहून ठेवायचं.

लिंकर म्हणतो, मोडबसची लायब्ररी सापडत नाही.

ती इथेच आहे, हे मला माहीत आहे.
शेजारच्या पडद्यावर तिच्याच जिवावर
दुसरा एक प्रोग्राम सुखाने पंप चालवतोय.
चालणाऱ्याला सापडते,
बांधणाऱ्याला सापडत नाही.
माझ्याकडे तिचं वर्णन आहे, जुन्या मशीनवरून आणलेलं,
हेडर फाईल: नाकीडोळी कशी, काय काय येतं.
वर्णनावर बोलणी होतात.
लग्नाला मुलगी लागते.

काखेत कळसा असेल, मान्य.
पण हा गावाला वळसा घालतच नाही.
नेमून दिलेल्या चार गल्ल्या बघतो
आणि हात वर करतो.
मिरजेच्या पोस्टात आठवडाभर टिकला नसता.

मी पाचवी गल्ली सांगितली. पूर्ण पत्ता दिला,
सुरुवातीच्या तिरक्या रेघेसकट.
सापडत नाही.

खलफान आला, काहव्याचा थर्मास घेऊन.
त्याला कोड कळत नाही, व्हॉल्व्ह कळतात.
किनाऱ्यावरच्या त्याच्या बलुची हिंदीत म्हणाला,
किसको ढूंढती है?
म्हटलं, घरातच आहे, हाकेला ओ देत नाही.
कौनसे नाम से बुलाती है?

पहिल्या वर्षी इथल्या इस्पितळात
खिडकीमागच्या बाईने तीनदा बघितलं:
सुलक्षणा मेहेंदळे नावाचं कुणी नाही.
अंगात एकशे तीन ताप, आणि मी नाहीच.
मग तिने नखाने कार्डावरची ओळ दाखवली.
सुलक्षणा त्र्यंबक. बस्स.
आडनाव कुठल्या तरी रकान्यात मावलं नव्हतं.
बिन्त तरयंबक, ती म्हणाली, घसा खरवडून.
बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.
त्यांच्या नावावर मला औषध मिळालं.

फोल्डर उघडून डोळ्यांनी वाचत गेले.
लिबमोडबस डॉट एसओ डॉट पाच.
शेवटी पाच.
लिंकर हाक मारत होता बिनआकड्याच्या नावाने,
आणि त्या नावाचं इथे खरंच कुणी नव्हतं.
खोटं बोलत नव्हता बिचारा.
उगाच मिरज काढली.

रीतसर मार्ग आहे: डेव्हलपमेंट पॅकेज मागवा.
आत इंटरनेट नाही, अर्जावर तीन सह्या लागतात,
गुरुवारची रात्र, आता रविवारशिवाय सही नाही.
तेव्हा एका ओळीत पाटी ठोकली:
या नावाने येणाऱ्याने त्या घरी जावं.

आणि प्रोग्राम बांधला गेला.
काहीही न बोलता. झालं की तो बोलत नाही,
फक्त पुढच्या ओळीवर कर्सर लुकलुकतो.

शिफ्टच्या वहीत लिहिलं:
पाटी तात्पुरती आहे, कृपया काढू नये.
(चार वर्षांपूर्वीची अशीच एक नोंद
त्याच वहीत आहे. अक्षर माझं नाही.)

अठरापैकी सतरा मीटर बोलू लागले.
अकरावा गप्प.
खलफानने कप हलवून खाली ठेवला, आता पुरे,
आणि टॉर्च घेऊन निघाला,
त्याला हाक मारायला.