सातवं पाऊल

सासू म्हणायची,
भाव तोंडानं होत नाही, पाठीनं होतो.
किंमत ऐकायची, ओठ मुडपायचे,
चाळणी होती तिथं ठेवायची,
आपटायची नाही, ठेवायची,
आणि निघायचं.
तिसऱ्या पावलाला वेग कमी.
पाचव्याला जलाब्याची कुंची सारखी करायची.
सातव्याच्या आत हाक येते.
हाज तिहामीची सहाव्याला यायची, चाळीस वर्षं:
"लल्ला बतूल, या हो, रागावता काय, घरचंच दुकान!"

आता बतूलचे गुडघे फेसच्या पायऱ्यांना नाही म्हणतात,
आणि हाज तिहामी बाब फतूहच्या टेकडीवर मातीत आहे.
शुक्रवार तोंडावर. घरातली चाळणी फाटलेली,
कुसकुसाच्या दाण्यांबरोबर गठळ्याही खाली.
म्हणून मी, झहूर, तालाअ कबीराच्या उतारावरून
पहिल्यांदा एकटी उतरले.

चाळणीवाल्यांच्या बोळात तीन दुकानं उरलीत.
एकाला कुलूप, एकात मोबाइलची कव्हरं,
तिसऱ्यात हाजचा नातू इलियास,
कानांत पांढरी बोंडं घालून बसलेला.
मी बकरीच्या कातड्याची जाळी उजेडाकडे धरली,
टिचकी मारली. टण्ण. वाद्यच होतं.
"किती?"
"नव्वद दिरहम."
मी जुन्या रियालांत हिशेब केला, सासूसारखा मोठ्यानं:
अठराशे!
इथं भोवळ आल्यासारखं करायचं असतं. केलं.
पोरानं भोवळ पाहिलीच नाही.
"साठ."
"नव्वद, लल्ला."
चाळणी ठेवली. निघाले.

एक. दोन.
तीन, सावकाश.
चार.
पाच, कुंची सारखी केली. परत सारखी केली.
सहा.
सातव्याला पाय हवेत धरला,
भर बाजारात एखादी शहाणी बाई धरू शकेल तेवढा वेळ,
आणि टेकवला.
मागं नुसता बाजार.

आठव्या पावलाबद्दल सासूनं काही सांगितलेलं नव्हतं.

"बालाक! बालाक!"
ओल्या कातड्यांनी लादलेलं खेचर आलं,
मी भिंतीला पालीसारखी चिकटले,
कातडी गालाजवळून गेली, आणि त्या दर्पात कळलं:
वळले तर नाक जातं,
न वळले तर शुक्रवार.

मग चालतच राहिले.
अत्तारांच्या गल्लीत कुणी केशर पुढं केलं, बघितलं नाही.
तांबटांच्या चौकात सगळे हातोडे
एकमेकांना खोटं पाडत होते.
रंगाऱ्यांकडे मधल्या पन्हाळीतून निळं पाणी धावत होतं,
त्याला काही घरी न्यायचं नव्हतं.
रसीफला पुदिन्याची जुडी घेतली,
हातात काहीतरी असावं म्हणून.
मागितले तेवढे दिले.
अर्ध्या तासानं त्याच बोळात
खालच्या तोंडानं शिरले,
दुसरीच कुणी असल्यासारखी.

इलियासनं एका कानातलं बोंड काढलं.
चाळणी वर्तमानपत्रात बांधून तयार होती.
"आजोबा सांगायचे," तो म्हणाला,
"वर गेलेली बाई खालून येते.
तिला आधी पाणी विचारायचं."
पाणी प्याले. पेला कथलाचा, पाणी गार.
नव्वद मोजून घेतले, पाच परत केले,
"लल्ला बतूलच्या गुडघ्यांना."
म्हणजे ओळखलं होतं. पहिल्यापासून.

घरी बतूलनं चाळणी कानाशी नेली, टिचकी मारली.
"कितव्या पावलाला?"
"सहाव्या."
"तरीच. तिहामीचं रक्त आहे."
मग परातीत रवा घेतला, मिठाचं पाणी शिंपडलं,
तळवा गोल गोल फिरत राहिला,
चाळणीखाली दाणे पडू लागले,
सगळे एका मापाचे,
आणि माझ्याकडे न बघता,
नाक जरासं वर करून, ती म्हणाली,
"आणि हा रसीफचा पुदिना?"