पट्टी क्रमांक नऊ

भाऊच्या धक्क्याखाली लोखंडी चौकटीत
कार्तिकात टांगलेल्या बारा पट्ट्या
आज वर ओढल्या. दोर बुळबुळीत.
हरेश्वर नाखवा म्हणाले, "हळू. कालवं कापतात."

अकरांना लेप. कशात काजूच्या टरफलाचं तेल,
कशात नुसता गुळगुळीतपणा, पाय न ठरणारा.
तांबं नाही, कथील नाही.
मारायचं नाही कुणाला,
इथं बसू नका, एवढंच सांगायचं.

नववी कोरी, तुलनेसाठी.
तिच्यावर भिंतीला भिंत लावून
बार्नेकलांची पांढरी खोपटी,
फटीत नखाएवढा खेकडा.
मोजता मोजता पेन्सिल भिजली.

चौथीवर काहीच नाही.
वहीत लिहिलं: शून्य.
शून्य म्हणजे यश.

नाखवा चौथीवरून अंगठा फिरवत राहिले.
"आमी चंद्रूस लावायचो, माशाचं तेल.
दर उधाणाला होडी वर,
खरवडायला अख्खं घर.
अशाच एका खरवडणीत
माझं लगीन ठरलं."

मग नववी खरवडली, नियमाप्रमाणे,
आणि ताजव्यात घातली.
खेकडा त्याआधीच
मी पायरीवरून पाण्यात सोडला होता.
नाखव्यांनी पाहिलं, बोलले नाहीत.

अहवालातल्या वजनात
तेवढी चूक आहे.